वाचकांचे प्रश्न : ‘शब्दावडंबर’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीतल्या एका मुलाने ‘पहिला पाऊस’ या विषयावर निबंध लिहिला. त्यातले एक वाक्य असे होते : ‘नभोमंडलातील श्यामवर्णी मेघमालांच्या गर्भातून स्रवणाऱ्या अमृतमय जलधारांनी अखिल वसुंधरेचे अंगांग सचैल न्हाऊन निघाले.’ मी समासात ‘भाषा शब्दबंबाळ आहे’ असा शेरा लिहिला. त्यावर मुलाचे वडील भेटायला आले आणि त्याचा शब्दसंग्रह एवढा चांगला असताना तुम्ही त्याला नावे का ठेवता, असे त्यांनी विचारले. शिक्षकांच्या खोलीत वेगळीच चर्चा झाली. एका सहकाऱ्यांच्या मते योग्य शब्द ‘शब्दावडंबर’ हा आहे. दुसऱ्यांच्या मते ‘शब्दाडंबर’ हेच शुद्ध रूप असून ‘शब्दावडंबर’ चुकीचे आहे. या तिघांपैकी खरा शब्द कोणता, त्याचा नेमका अर्थ काय, आणि माझा शेरा योग्य होता का?

उत्तर : आधी रूपांविषयी. ‘शब्द’ आणि ‘आडंबर’ यांचा संधी ‘शब्दाडंबर’ असा होतो. ‘शब्द’ आणि ‘अवडंबर’ यांचा संधी ‘शब्दावडंबर’ असा होतो. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे आणि दोन्ही रूपे शुद्ध आहेत. ‘आडंबर’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, तर ‘अवडंबर’ हे त्याचेच मराठीत रुळलेले रूप म्हणून ओळखले जाते. बोलण्यात आणि लिहिण्यात आपण ‘धर्माचे अवडंबर’, ‘सोवळ्याओवळ्याचे अवडंबर’, ‘मानपानाचे अवडंबर’ असेच म्हणतो, त्यामुळे ‘शब्दावडंबर’ मराठी कानाला अधिक जवळचे वाटते, एवढाच काय तो फरक. ‘शब्दबंबाळ’ची गोष्ट वेगळी आहे. तो ‘रक्तबंबाळ’च्या घडणीचा शब्द असून विशेषण आहे. म्हणून ‘निबंध शब्दबंबाळ आहे’ हे बरोबर आणि ‘निबंधात शब्दावडंबर आहे’ हेही बरोबर. मात्र ‘निबंध शब्दावडंबर आहे’ असे लिहिता येणार नाही, कारण शब्दावडंबर हे नाम आहे. आपला शेरा व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे.

अर्थाचा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्यासाठी या शब्दाच्या मुळाशी जावे लागते. ‘आडंबर’ हा मुळात भाषेविषयीचा शब्दच नाही. ते एका वाद्याचे, एका प्रकारच्या ढोलाचे नाव आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांची एक लांबलचक यादी येते. कोणता माणूस कोणत्या देवतेला किंवा कोणत्या तत्त्वाला अर्पण करायचा, हे तीत सांगितले आहे. त्या यादीत ‘शब्दायाडम्बराघातम्’ असे शब्द आहेत. शब्दासाठी, म्हणजे ध्वनीसाठी, आडंबर वाजवणारा, असा त्यांचा अर्थ. ‘शब्द’ आणि ‘आडंबर’ ही जोडी इतक्या जुन्या काळी एकमेकांशेजारी बसलेली पाहून मला दर वेळी नवल वाटते. अर्थात तेथे तिच्यात निंदेचा लवलेश नाही. मोठा आवाज काढणारा माणूस ध्वनीच्या वाट्याला दिला आहे, इतकेच. पुढे अमरकोशात आडंबर या शब्दाचे अर्थ वाद्यांचा आवाज आणि हत्तींची गर्जना असे दिलेले आहेत. ‘डंबर’ हा त्याचाच भाऊबंद शब्द ढगांच्या संदर्भात येतो : मेघडंबर. रायगडावर शिवछत्रपतींच्या सिंहासनाच्या जागी जी छत्री उभी आहे तिला आपण ‘मेघडंबरी’ म्हणतो, त्या नावात हाच डंबर दिसतो.

आवाज मोठा असणे ही एक गोष्ट झाली. मोठ्या आवाजामागून काहीच न येणे ही दुसरी. हा दुसरा अर्थ कसा जडला असेल, याची कल्पना आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका सुभाषितावरून येते : ‘अजायुद्धे ऋषिश्राद्धे प्रभाते मेघडम्बरे । दम्पत्योः कलहे चैव बह्वारम्भे लघुक्रिया ॥’ बोकडांची झुंज, ऋषींचे श्राद्ध, सकाळच्या वेळचा ढगांचा गडगडाट आणि नवराबायकोचे भांडण, या चारही ठिकाणी आरंभ मोठा आणि निष्पत्ती थोडी असते. सकाळचे ढग गडगडतात, आभाळ भरून येते, पण पाऊस पडत नाही. शब्दावडंबराची याहून अचूक व्याख्या मला माहीत नाही, आणि पहिल्या पावसावरच्या निबंधाविषयी बोलताना ती आठवावी, हे योग्यच आहे.

मराठीने या शब्दाला आणखी एक क्रियापद जोडले. अवडंबर आपण सहसा ‘करत’ नाही, ‘माजवतो’. रान माजते, तण माजते, गोंधळ माजतो. जे नको तिथे, नको तेवढे वाढते आणि मुख्य पिकाला झाकून टाकते, त्याच्यासाठी हे क्रियापद आहे. मानपानाच्या अवडंबरात लग्न बाजूला पडते, कर्मकांडाच्या अवडंबरात भक्ती बाजूला पडते, आणि शब्दांच्या अवडंबरात अर्थ बाजूला पडतो. म्हणून हा शब्द वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो कठीण शब्दांना उद्देशून नाही, लांब वाक्यांना उद्देशून नाही, संस्कृत शब्दांना तर मुळीच नाही. तो प्रमाणाविषयी आहे. सांगायचे किती आणि आवाज किती, या दोहोंत जो मेळ हवा, तो सुटला की अवडंबर होते.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी निरनिराळ्या प्रदेशांच्या लेखनाविषयी एक श्लोक लिहिला आहे. उत्तरेकडच्यांत श्लेष फार, पश्चिमेकडच्यांत नुसता अर्थ, दाक्षिणात्यांत उत्प्रेक्षा, आणि ‘गौडेष्वक्षरडम्बरः’, गौडांत म्हणजे बंगालच्या बाजूच्या कवींत अक्षरांचा डंबर, असे तो म्हणतो. पण त्याच्या लगेच पुढचा श्लोक अधिक महत्त्वाचा आहे. नवा अर्थ, ग्राम्य नसलेले वर्णन, ओढाताण न केलेला श्लेष, स्पष्ट रस आणि भारदस्त अक्षररचना, हे सगळे एकत्र मिळणे दुर्मीळ, असे बाण तेथे सांगतो. म्हणजे घुमणाऱ्या अक्षरांना त्याचा विरोध नाही. ती त्याच्या गुणांच्या यादीत आहेत. फक्त त्या यादीत पहिले नाव ‘नवोऽर्थः’ असे आहे. (गौडी रीतीच्या विरुद्ध, सुबोध आणि प्रसन्न रचनेला आपल्या पूर्वसूरींनी ‘वैदर्भी’ हे नाव दिले, याचा विदर्भातील वाचकांना अभिमान वाटायला हवा.)

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याच्या दोषांची मोठी यादी दिली. अर्थदोषांत त्याने पहिलाच दोष सांगितला आहे ‘अपुष्ट’. जो शब्द गाळला तरी सांगायच्या अर्थाला काही बाध येत नाही, तो अर्थाला पुष्ट करत नाही; म्हणून तो अपुष्ट. त्याने दिलेल्या उदाहरणात सूर्याच्या वाटेसाठी ‘अतिशय विस्तीर्ण आकाशमार्ग’ अशा अर्थाचे विशेषण आले आहे. आकाश विस्तीर्ण असतेच. ते विशेषण काढले तर काय हरवले? मला वाटते, आपण वर्गात मुलांना हीच एक कसोटी द्यावी. शब्द काढून पाहा. अर्थ उणा झाला तर शब्द परत ठेवा.

आता ही कसोटी त्या मुलाच्या वाक्याला लावू. ‘नभोमंडलातील’ काढले : मेघमाला नभाबाहेर कुठे असणार? ‘जलधारा’ शब्दात पाणी आहेच, ‘अमृतमय’ने त्यात भर पडली नाही, कारण त्या पाण्याने कोण जगले हे वाक्यात नाही. ‘अखिल वसुंधरा’ भिजली म्हणणारा मुलगा स्वतः एका गावातल्या एका अंगणात उभा होता. ‘गर्भातून स्रवणे’ हे शब्द तर गर्भस्रावाची आठवण करून देतात, आणि ती अशुभ छटा त्याच्या मनात खचितच नव्हती. ‘सचैल’ म्हणजे चैलासहित, वस्त्रांसकट. अंगावरच्या कपड्यांनिशी केलेले स्नान ते सचैल स्नान, आणि जुन्या घरांत ते विशेषतः अशौच फेडण्यासाठी करत. आज तो शब्द ‘नखशिखांत भिजलेले’ या अर्थाने रूढ झाला आहे हे खरे. पण ‘अंगांग’ आणि ‘सचैल’ शेजारी ठेवले की एक शब्द उघड्या अंगाचा आणि दुसरा कपड्यांसकट भिजण्याचा, असे दोन विसंगत अर्थ एकमेकांना टेकतात. यावरून कळते की मुलाने शब्द निवडलेले नाहीत, साठवलेले आहेत. तो शब्दसंग्रह आहे, वडिलांचे म्हणणे त्या अंशी खरे आहे. पण संग्रह म्हणजे वापर नव्हे.

म्हणूनच आपल्या शेऱ्याविषयी माझे एक मनापासूनचे म्हणणे आहे. तो खरा आहे, पण त्यातून मुलाला पुढची वाट दिसत नाही. त्या शेऱ्याच्या जागी ‘तू स्वतः पाऊस पाहिलास तेव्हा काय भिजले, ते लिही’ असे लिहिले असते तर त्याने कदाचित पत्र्यावरचा आवाज लिहिला असता, वाळत घातलेले कपडे काढायला धावलेली आई लिहिली असती, मैदानावरच्या धुळीत पडलेल्या पहिल्या टपोऱ्या थेंबांचे खळगे लिहिले असते. आणि तसे लिहिताना एखादा ‘मेघ’ किंवा ‘वसुंधरा’ आली असती, तर ती तिथे शोभली असती. मूल मोठ्या शब्दांवर प्रेम करते ही गोष्ट लहान नाही. ते प्रेम मोडू नये. ज्ञानदेवांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध केली तेव्हा ‘अमृतातेंही पैजां जिंके ऐसीं अक्षरें’ मेळवीन असे म्हटले. अक्षरांचा इतका मोठा अभिमान बाळगूनही त्यांच्या दृष्टांतांच्या माळा अवडंबर होत नाहीत, कारण माळेतला प्रत्येक दृष्टांत आधीच्यापेक्षा थोडे वेगळे काहीतरी उजळतो. दुसऱ्या बाजूला तुकोबांनी ‘बोलाचीच कढी बोलाचाच भात । जेवूनियां तृप्त कोण झाला’ असे विचारले आहे. पालकांशी बोलताना या दोन्ही ओळी सोबत ठेवाव्यात. त्यांना मुलाचे शब्द हवे आहेत. आपल्यालाही हवे आहेत.

माझ्या एका अनुभवाचा येथे उल्लेख करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या सत्कारासाठी मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ‘ज्ञानसूर्य’, ‘कर्मयोगी’, ‘उत्तुंग व्यक्तिमत्त्वाचे धनी’ अशा शब्दांनी ते भरले. समारंभानंतर त्यांनी मला बाजूला घेऊन अतिशय सौम्यपणे विचारले, ‘यात मी कुठे आहे?’ ते गृहस्थ पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की पलीकडच्या वाडीतल्या मुलांना स्वतः हात धरून पार करून आणत. साऱ्या गावाला ते ठाऊक होते, मलाही होते, आणि माझ्या मानपत्रात ते नव्हते. त्या दिवसापासून शब्दावडंबर हा मला शैलीचा दोष वाटत नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्यावर तो अन्याय वाटतो.

प्रश्न : मी एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून नुकताच रुजू झालो आहे. मला पत्रांचे मसुदे करावे लागतात. माझ्या एका मसुद्यातले वाक्य असे होते : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक ती उचित कार्यवाही करण्याबाबतची कार्यवाही या कार्यालयाच्या स्तरावर प्रगतिपथावर आहे.’ मित्र म्हणतात की सगळी सरकारी मराठी म्हणजे शब्दावडंबर आहे. ते खरे आहे का?

उत्तर : सगळी सरकारी मराठी शब्दावडंबर आहे, हे मला मान्य नाही, आपले वाक्य मात्र आहे.

राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय सुरू झाले आणि पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणायचा तर हजारो पदनामे आणि संज्ञा नव्याने ठरवाव्या लागणार होत्या, आणि ते काम अनेक विद्वानांनी कष्टाने केले. ‘अधिसूचना’, ‘परिपत्रक’, ‘अधिनियम’, ‘हस्तांतरण’ हे शब्द कानाला जड वाटले तरी त्यांपैकी प्रत्येक शब्द एका ठरावीक वस्तूचे नाव आहे. अधिसूचना आणि परिपत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाऐवजी दुसरा शब्द घातला तर कायद्याचा अर्थ बदलतो. मम्मटाची कसोटी लावली तर हे शब्द गाळता येत नाहीत, म्हणून ते अवडंबर नाहीत. नवेपणामुळे जड वाटणारे शब्द पुढे हलके होतात, याचाही अनुभव आपल्याला आहे. सावरकरांनी रुजवलेले ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे शब्द आज कोणाला बोजड वाटतात? जुन्या महसुली भाषेतून आलेले ‘फेरफार’, ‘मसुदा’, ‘उतारा’ हे शब्दही तसेच हातात बसलेले आहेत. ते जपावेत.

आपल्या वाक्यातले शब्द तपासले तर दिसते की त्यांपैकी एकही शब्द अवघड नाही. ‘आवश्यक’, ‘उचित’, ‘स्तर’, ‘कार्यवाही’ हे सर्व शब्द सातवीतल्या मुलाला कळतात. तरीही वाक्य वाचून अर्जदाराला काहीच कळत नाही, आणि शब्दावडंबर कठीण शब्दांशिवायही होते याचे हे चांगले उदाहरण आहे. ‘कार्यवाही करण्याबाबतची कार्यवाही’ या शब्दांत काम कोणते, ते कोण करणार आणि केव्हा होणार, या तीन गोष्टी नाहीत. अर्जदाराने नेमके त्याच तीन गोष्टी विचारण्यासाठी अर्ज केलेला असतो. ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात यावी’ या रचनेत कर्ता नाहीसा होतो, हेही लक्षात घ्यावे. आदेशात ती रचना काही वेळा अपरिहार्य असते, कारण आदेश पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो. पण नागरिकाला उत्तर देताना कर्ता सांगण्यात काहीच अडचण नाही.

आपला मसुदा असा करता येईल : ‘आपला अर्ज १२ जून रोजी या कार्यालयाला मिळाला. अर्जासोबत सातबारा उतारा नसल्यामुळे तो तपासता आला नाही. उतारा मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत निर्णय आपल्याला लेखी कळवू.’ यात ‘सात दिवस’ हे शब्द लिहिताना हात थांबेल, कारण त्यांनी आपण बांधले जातो. पुष्कळदा अवडंबर अज्ञानातून येत नाही, या बांधले जाण्याच्या भीतीतून येते. आणि ती भीती वरिष्ठांशी बोलून दूर करावी लागते, शब्दांनी झाकून ती दूर होत नाही. आपण नोकरीच्या आरंभीच हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या वाचनमंडळात राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकांवर चर्चा झाली. काही तरुण सभासदांनी ती भाषा शब्दबंबाळ असल्याचे सांगितले. ज्येष्ठांना ते अजिबात आवडले नाही. आपले मत काय?

उत्तर : दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे, पण माझे माप ज्येष्ठांच्या बाजूला झुकते. गडकरी (१८८५–१९१९) ज्या रंगभूमीसाठी लिहीत होते तिथे ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत नटाचा आवाज आणि वाक्याचा ठेका दोन्ही पोहोचावे लागत. अनुप्रास, तोल साधणारी जोडवाक्ये, एकामागून एक चढत जाणाऱ्या उपमा या गोष्टी त्या काळच्या नटाच्या छातीतल्या श्वासासाठी घडवलेल्या आहेत. घरी बसून मुकाट्याने वाचताना त्या अंगावर येतात, आणि तरुण सभासदांना तेच जाणवले असावे. मोठ्याने, उभे राहून, एखादे स्वगत म्हणून पाहावे. निम्मा आक्षेप तिथेच गळून पडतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पात्राच्या तोंडचे अवडंबर हे नाटककाराचे अवडंबर नसते. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ सालीच रंगभूमीवर आले. त्यातल्या तळीरामाची आर्यमदिरामंडळाची कल्पना पाहा : दारूच्या व्यसनाला संस्थेचे, सभांचे आणि भारदस्त नावाचे रूप देणारी ती भाषा जाणूनबुजून फुगवलेली आहे, कारण व्यसनी माणूस आपल्या व्यसनाला कसा प्रतिष्ठेचा पोशाख चढवतो हेच तिथे दाखवायचे आहे. त्याच नाटकातल्या सिंधूची भाषा त्यापुढे ठेवली की लेखकाचे भान किती जागे होते ते कळते. तरीही काही प्रवेशांत, विशेषतः भावनेच्या अगदी टोकाला, गडकऱ्यांची कल्पना थांबायची जागा ओलांडते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिथे आपले तरुण सभासद बरोबर आहेत. पण तेवढ्यावरून सबंध भाषेला एक शिक्का मारू नये.

प्रश्न : पाल्हाळिक, बोजड, क्लिष्ट, अलंकारिक, शब्दबंबाळ हे सगळे शब्द परीक्षणांत एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : फरक आहे, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे, कारण दोष चुकीच्या नावाने सांगितला तर लेखकाला तो दुरुस्त करता येत नाही. पाल्हाळिक लेखनात शब्द साधे असू शकतात; तिथे मुद्द्यावर येईपर्यंत फार वेळ लागतो, आडवाटा फार असतात. आजीची गोष्ट पाल्हाळिक असते, शब्दबंबाळ नसते. बोजड लेखनात शब्दांचे वजन वाचणाऱ्याला ओढावे लागते; भाषांतरात हा दोष फार आढळतो. क्लिष्ट म्हणजे समजायला कष्ट पडणारे, आणि हा दोष नेहमी लेखकाचाच असतो असे नाही, कारण काही विषयच क्लिष्ट असतात. तत्त्वज्ञानाच्या किंवा गणिताच्या एखाद्या पुस्तकाला शब्दबंबाळ म्हणण्याआधी, त्यातले शब्द गाळून विचार शिल्लक राहतो का, हे पाहावे. ‘अलंकारिक’ हा तर मुळात दोष सांगणारा शब्दच नव्हे. समर्थांनी दासबोधात ‘कवित्व शब्दसुमनमाळा । अर्थ परिमळ आगळा’ असे म्हटले आहे. फुलांची माळ असणे हा गुन्हा नाही, तिला वास असला म्हणजे झाले.

‘वाग्जाल’ आणि ‘शब्दच्छल’ या शब्दांत हेतू येतो. वाग्जाल पसरणाऱ्याला ऐकणारा अडकवायचा असतो, शब्दच्छल करणाऱ्याला शब्दाचा अर्थ वाकवून वाद जिंकायचा असतो. शब्दावडंबरात असा कपटाचा भाग असेलच असे नाही. पुष्कळदा ते निव्वळ हौसेने, आदराने किंवा धास्तीने होते. आणि ते संस्कृतप्रचुर भाषेतच होते असेही नाही. ‘आमच्या टीमने होलिस्टिक अॅप्रोच घेऊन एक ट्रान्सफॉर्मेटिव्ह व्हिजन डिलिव्हर केले’ या वाक्यात एकही भारदस्त संस्कृत शब्द नाही. त्यात पहिल्या पावसाच्या निबंधाइतकेच, किंबहुना अधिक अवडंबर आहे, कारण त्या मुलासमोर निदान पाऊस तरी होता.

प्रश्न : आम्ही वीस वर्षे अमेरिकेत राहतो. मुलीचे लग्न ठरले आहे. मला निमंत्रणपत्रिका आपल्या जुन्या पद्धतीने, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरू करायची आहे. मुलीला मराठी चांगले येते. तिच्या मते ही भाषा शब्दावडंबर आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या मुलीने हा शब्द वापरला आणि योग्य अर्थाने वापरला, याचे प्रथम कौतुक करतो. परंतु या ठिकाणी मला तिचे मत पटत नाही. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘करण्याचे योजिले आहे’, ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही सूत्रे आहेत. कोणी एकाने आपला मोठेपणा दाखवण्यासाठी ती रचलेली नाहीत. ती आजोबांच्या लग्नातही हीच होती. मंगलाष्टकांत जसे आपण प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसत नाही, तसेच येथेही. शिवाय ही सूत्रे बोलतात ते अगदी नेमके : कोणाचे लग्न, कोणाशी, कोणत्या दिवशी, कुठे, आणि आपण सर्वांनी यावे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ या दोन शब्दांनी घरातल्या कोणालाही मागे ठेवू नका असा निरोप जातो, आणि तो निरोप गाळता येणारा नाही.

अवडंबर सुरू होते ते या सूत्रांच्या नंतर, जेव्हा पत्रिकेच्या मधल्या भागात ‘दोन जिवांच्या अनुपम मीलनाच्या या अविस्मरणीय सुवर्णक्षणी’ अशा ओळी छापखान्यातल्या नमुन्याच्या वहीतून उतरवून घेतल्या जातात. त्या ओळी गाळाव्यात. जुने सूत्र आपण ठेवा, आणि त्याच्या खाली चार साध्या ओळी मुलीला तिच्या शब्दांत लिहू द्या : ती दोघे कुठे भेटली, पुढे कुठे राहणार, कोणी आले तर त्यांना फार आनंद होईल. पत्रिका साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या नातेवाइकांच्या हातात पडेल तेव्हा वरचा भाग ते एका नजरेत ओळखतील आणि खालच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचतील.